गोमुखी हॉलचे चार कोपरे

गावानं सगुणाला पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका अर्धवट ट्रकवर. तोवर ती मोरूची बायको, एवढीच तिची ओळख. ट्रकचं तोंड आणि चाकं तयार होती, मागची लाकडी बॉडी निम्मी चढली होती, आणि त्या उघड्या सांगाड्यावर ही बाई पदर कमरेला खोचून, एक पाय आडव्या फळीवर रोवून करवत ओढत होती. बंदराकडचा रस्ता समोरूनच जातो. ट्रेलरवाले माना काढून बघत होते. हरेश्वरकाका मासळीची पिशवी घेऊन बाजारातून परतत होते, तेही थबकले.

"मोरू, बायकोला खाली उतरव. गाव बघतंय."

मोरू खाली बसून वाकडे खिळे सरळ करत होता. "काका, उतरवायला मला वर चढावं लागंल. पाय मुरगळलाय माझा."

"मग तूच उतर गो, सूनबाय."

सगुणाची करवत काही थांबली नाही. "फळी तुटली की उतरते. तवर बघू द्या गावाला. तिकीट थोडंच हाय?"

ट्रेलरवाला हसला, आणि काकांची मासळी तशीच रागारागानं घरी गेली.

हे पुढे बरेच दिवस चघळलं गेलं. त्यावरून सगुणा भांडखोर असेल असं कुणाला वाटेल, पण तशी ती नाही. तिचा आवाज चढत नाही. कुणी आडवं आलं की तिची मान किंचित डावीकडे कलते आणि ती समोरच्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेते. मान कलली की समजावं, आता ही हलायची नाही.

तिचं माहेर मिठागरातलं. मिठागराची जमीन पायांनी तुडवून सपाट करतात. एका अंगाला जरा उतार राहिला तरी पाणी त्या कोपऱ्यात जाऊन बसतं आणि मीठ नीट धरत नाही. आईच्या मागे मागे ती तुडवत मोठी झाली. त्यामुळे असेल, पण एखादी फळी कुठं उचलली आहे हे तिला हात न लावता दिसतं. मोरूनं तिला लग्नानंतर करवतीचं दुसरं टोक धरायला सांगितलं ते माणूस मिळेना म्हणून. पुढं माणूस मिळाला, तरी टोक तिच्याच हातात राहिलं.

मग ट्रकना लोखंडी बॉड्या आल्या. लाकडाचं काम आटलं आणि मोरू घरांच्या कामाकडे वळला. उरणच्या अंगाला तेव्हा घरांना जोर होता. ज्याचे दोन ट्रेलर रस्त्यावर, त्याचं घर दुमजली, आणि दुमजली घर म्हटलं की खाली मोठा हॉल, वर पांढरंशुभ्र छत, आणि छत जिथं भिंतीला मिळतं तिथं चारी बाजूंनी फिरवलेली नक्षीची लाकडी पट्टी. या पट्टीला सगळे मोल्डिंग म्हणतात. ती दिसायला सोपी. भिंतीवर सरळ ठोकत गेलं की झालं, असं वाटतं. खरी गाठ पडते कोपऱ्यात. दोन पट्ट्या तिरप्या कापून अशा भिडाव्या लागतात की नक्षीची रेघ एकीतून निघून दुसरीत शिरावी, आणि सांधा कुठं आहे ते शोधावं लागावं.

अलिबागकडच्या एका बंगल्याचं काम संपल्यावर तिथल्या कंत्राटदारानं आपली मायटर सॉ काढून टाकली, ती मोरूनं घेतली. गोल पात्याची, हवा तसा तिरपा काप घेणारी मशीन. पहिल्या काही पट्ट्या दोघांनी मिळून वाया घालवल्या, कारण पट्टी छतावर जशी दिसते तशीच ती मशीनवर ठेवत होती. शेवटी मोरूला उमगलं. "सगुने, मशीनवर घर उलटं असतंय. ही खालची बैठक म्हंजे छत, आणि मागची उभी पाठ म्हंजे भिंत. पट्टीची वरची कड खाली ठेव." तेव्हापासून मशीनसमोर उभं राहिलं की सगुणा आधी डोक्यातलं घर पालथं करते, मग पात्याला हात लावते.

पुढे एका कामावर परांचीची फळी सरकली आणि मोरू उजव्या खांद्यावर पडला. हात वाचला, पण छातीच्या वर जाईना. तेव्हापासून घोडीवर, म्हणजे दुपायी शिडीवर, सगुणा आणि खाली मोरू. तो पट्ट्या निवडून देतो, पात्याचा आवाज ऐकून ते बोथट झालंय का सांगतो आणि सारखा बोलत असतो. काम मात्र ती करते. एवढं होऊनही लोक म्हणत, "मोरूचं काम छान हाय."

नुसतं म्हणून थांबले असते तर सगुणानं कानाआड केलं असतं. पण आमच्याकडे घरभरणीला सुताराचा नारळ असतो. पूजा झाली की घरातलं वडीलधारं माणूस सुताराला हॉलच्या मध्ये बोलावतं आणि सगळ्यांसमोर त्याच्या हातात नारळ देतं. ज्याच्या हातात नारळ, तो त्या घराचा सुतार. पुढे दार फुगलं, बिजागरी निखळली, लग्नाला पाट हवे झाले, की हाक त्यालाच. दुसऱ्याला बोलावणं म्हणजे पहिल्याचा अपमान. मोरू पडल्यानंतर सगुणानं केलेल्या घरांचे नारळसुद्धा मोरूच्याच हातात गेले. आणि मग त्या घरांत काही निघालं की लोक हळहळत म्हणत, "मोरूला आता कुठं जमतंय? कशाला त्याला त्रास?" आणि पनवेलहून कुणाला तरी घेऊन येत. सगुणाचं नाव निघायचं कारणच नव्हतं. तिला नारळ कुठं मिळाला होता?

म्हणून आवडाबाईच्या घराचं काम आलं तेव्हा ती आधीच बोलली. आवडाबाई ओटीवर भिजवलेले वाल सोलत होती. तिचा मुलगा केतन ट्रेलरच्या धंद्यातला. घर त्यानं बांधलेलं, पण घरात चालायचं ते थोरल्या दिरांचं, हरेश्वरकाकांचं.

"हॉल गोमुखी हाय बरं का, सगुने," आवडाबाई कौतुकानं सांगत होती. "दारात अरुंद, मागं रुंद. गाईच्या तोंडासारखा. काकांनी सोता उभं ऱ्हाऊन आखून घेतला. म्हंजे आलेली लक्ष्मी आतच ऱ्हाती."

"ऱ्हाऊ दे की. पन माझं एक आयका, आवडाबाय. पट्टी मी लावनार. तर नारळ माझ्या हातात पायजे."

आवडाबाईच्या बोटांतला वाल तसाच राहिला. "मोरू असताना?"

"मोरू हाय म्हनूनच मागते. तोच म्हनतो, माग."

"काका काय म्हनतील गो?"

"काका मशीन चालवनार हायेत का?"

आवडाबाईला हसू आलं, पण तिनं ते पदरात लपवलं. "आधी कोपरे तर जुळव. मंग बघू."

सगुणानं ते होकारासारखं घेतलं आणि काम धरलं. आणि इथंच ती चुकली. ट्रकच्या बॉडीत वाढलेला हात तो. ट्रकला कोपरा म्हणजे काटकोन, दुसरा प्रकारच नाही. मायटर सॉच्या काट्याला पंचेचाळीस अंशांवर एक खाच असते, त्यात तो टक्कन बसतो. असे दोन काप समोरासमोर आले की काटकोन होतो. तिनं भिंतींची मापं घेतली, काटा खाचेत बसवला, आणि चारी भिंतींच्या पट्ट्या जमिनीवरच कापून ठेवल्या. दुपारनंतर त्या वर चढवल्या.

दाराकडच्या दोन्ही कोपऱ्यांत सांधा उघडा राहिला. पट्ट्या भिंतीशी टेकलेल्या, पण पुढं आ वासून. मागच्या दोन कोपऱ्यांत उलटाच प्रकार. तिथं पट्ट्यांच्या पुढच्या कडाच आधी एकमेकांवर आदळत आणि मागची बाजू भिंतीला टेकायला तयार नाही.

घरची माणसं बघायला जमली. हरेश्वरकाकांनी कोपऱ्यातला खराटा उचलला, त्यातली एक हीर उपसली, घोडीच्या दोन पायऱ्या चढून ती दारावरच्या फटीत खुपसली आणि खाली उतरले. हीर तिथंच लोंबत राहिली.

"बेस झालं," काका म्हणाले. "पताका बांधायची सोय केली सूनबायनं."

पोरंसोरं खिदळली. केतनला बिचाऱ्याला अवघडल्यासारखं झालं. "काकी, टेन्शन नको घेऊ. उद्या पुट्टीवाला येतोय ना, तो भरून टाकेल. वरून कलर मारला की एकदम फिनिश. कोणाला समजणार पण नाही."

सगुणाची मान डावीकडे कलली. "मला समजंल ना."

"अगं पण घरभरणी आलीय तोंडावर."

"पुट्टी भरायची न्हाय. खारं वारं हाय हितलं. चार म्हैने पुट्टी माझी लाज राखंल, मंग लाकूड आक्रसंल, ती गळून पडंल, आनि काकांची हीर परत आत जाईल." ती घोडीवर चढली आणि पकडीनं खिळे उपसू लागली. "चूक माझी, पट्ट्या माझ्या. मी आनून देते. पन काप मीच घेनार."

"मोरूला विचारलंस का?" काकांनी खालून टाकलं.

"विचारते की. घरीच असतो तो."

उतरताना तिनं फटीतली हीर काढली आणि अंबाड्यात खोचून घरी नेली.

सकाळी अंगणात दोघं मशीनपाशी बसली. मोरूला काट्याचाच संशय. त्यानं दोन तुकडे कापायला लावले, ते भिडवून आत गुण्या, काटकोन तपासायची पट्टी, धरला. काटकोन इतका नेमका की उजेडसुद्धा पलीकडे दिसेना.

"मशीन तर खरी बोलतीय," मोरू म्हणाला. "तुझा हात हलला असंल."

"हात हलला असता तं चारी कोपरे सारखेच बिघडले असते. म्होरचे दोन उघडे, मागचे दोन चेंगरलेले. एकाच कापात दोन तऱ्हा कशा?"

तिनं खडूचा तुकडा घेतला आणि ओट्याच्या फरशीवर हॉल काढायला सुरुवात केली. हात सवयीनं चौकोन काढू लागला. तीन रेघा झाल्या आणि चौथ्या रेघेवर तो थांबला.

"अवो, आवडाबाय काय म्हनाली होती?"

"काय?"

"दारात अरुंद, मागं रुंद."

मोरूनं डाव्या हातानं कपाळ बडवून घेतलं. आणि मग दोघंही अशी हसत सुटली की शेजारीण बघायला आली.

हॉल गोमुखी आहे हे साऱ्या गावाला पाठ होतं. सगुणानं स्वतः ऐकलं होतं, वर उत्तरही दिलं होतं. पण गोमुखी ही भटजींची आणि लक्ष्मीची गोष्ट, करवतीशी तिचा काही संबंध असेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. खोली दारात अरुंद केली की दाराकडचे कोपरे काटकोनाहून थोडे फाकतात आणि मागचे तेवढेच आवळतात. थोडे म्हणजे डोळ्याला दिसणार नाहीत एवढेच. पण पट्टीला ते कळतं.

"लक्ष्मीसाठी आखलेला हॉल," मोरू डोळे पुसत म्हणाला, "आनि आपन त्याला ट्रकचा काप दिला."

त्या दिवसापासून ती मापाच्या टेपसोबत प्लायच्या दोन चिंचोळ्या पट्ट्या नेते, टोकाला एका स्क्रूनं जोडलेल्या, कात्रीसारख्या उघडझाप होणाऱ्या. तीच जोडी तिनं आवडाबाईच्या हॉलच्या प्रत्येक कोपऱ्यात दाबून बसवली, स्क्रू आवळला, आणि कोपरा जसाच्या तसा खाली आणून फळीवर उतरवला. मग त्याचे बरोबर दोन भाग केले. काटा कुठं ठेवायचा ते त्या मधल्या रेघेनं सांगितलं. फाकलेल्या कोपऱ्याला पंचेचाळीसच्या जरासा अलीकडे, आवळलेल्याला जरासा पलीकडे.

आणि तिथं मशीन हट्टाला पेटली. काटा खाचेच्या इतक्या जवळ ठेवायचा म्हटलं की तो घसरून परत खाचेतच बसे. एकदा बसला, दुसऱ्यांदा बसला.

"जाऊ दे खाचेत," मोरू म्हणाला. "मागनं कानशीनं घासून घेऊ."

"न्हाय. तुमी दांडा धरा."

मोरूनं डाव्या हातानं दांडा जागेवर दाबून धरला. सगुणानं पेच असा आवळला की तिच्या बोटांवर वळ उठले. आधी टाकाऊ तुकड्यांवर काप घेतले, ते तुकडे घोडीवर चढून कोपऱ्यात लावून पाहिले, उतरून काटा केसभर सरकवला, परत पाहिले. तुकडे जुळल्यावरच नव्या पट्टीला हात लावला. मागच्या भिंतीची उतरवलेली लांब पट्टी दाराकडच्या आखूड भिंतीला चालली, बाकीच्या नव्या लागल्या.

काका येऊन डोकावून गेले. "अजून चालूच?"

"तुमच्या हॉलचा कोपरा काटकोनात न्हाय, काका."

"माझ्या आखनीत खोट काढतेस?"

"खोट कशाला काढू? तुमच्या आखनीपरमानं कापते, म्हनून तर येळ लागतोय."

काकांना यावर रागवावं की खूश व्हावं ते कळेना. ते नुसतेच खाकरले आणि गेले.

घरभरणीला हॉल माणसांनी भरला होता. पूजा आटोपली. नवरा गेल्यापासून घरच्या कार्यात आवडाबाई मागच्या दाराशी उभी राहत असे, तशीच ती आजही उभी होती. हरेश्वरकाकांनी पाटावरचा नारळ उचलला, त्याला कुंकू लावलं आणि हाक दिली.

"मोरूशेठ, या म्होरं."

मोरू खुर्चीत बसला होता. हातात चहाचा कप होता, तोही उजव्या. "काका, हात वर जात न्हाय माझा."

"चहा जातोय तो?"

"चहा हलका असतोय."

हशा पिकला. तेवढ्यात सगुणा हॉलच्या मध्ये येऊन उभी राहिली. नवं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा वळेसर. त्या वळेसरातून तिनं हीर काढली आणि काकांपुढे धरली.

"ही तुमची. घोडी तिथं हाय. चारी कोपऱ्यांत घालून बघा. आत गेली तर नारळ कुनालापन द्या."

दुसरा कुणी असता तर त्यानं हसून टाळलं असतं. पण काकाही काकाच. त्यांनी नारळ केतनच्या हातात दिला, धोतर सावरलं आणि घोडी चढले. दाराकडच्या कोपऱ्यात हीर टेकवली, सरकवली, फिरवली. ती वाकली. दुसऱ्या कोपऱ्यात टोक मोडलं. मागच्या डाव्या कोपऱ्यात त्यांनी बोटानं सांधा चाचपला आणि हीर न घालताच खाली आले. चौथ्या कोपऱ्यात मात्र खालच्या कडेला हिरीचं टोक आत शिरलं. नखाएवढं असेल.

"हां! ही बघा!" काका वरूनच ओरडले. "ही गेली!"

सगळ्या माना सगुणाकडे वळल्या. तिची मान केव्हाचीच कललेली होती.

"ती मला म्हायती हाय. तिथं भितीला पोट आलंय. पट्टी सरळ हाय, भित न्हाय."

"म्हंजे फट हाय!"

"हाय की. पुट्टी भरून झाकली असती तर तुमाला घावली नसती. मी झाकली न्हाय. आता नारळ तरी द्या, न्हायतर गवंड्याला बोलवा, भित सरळ करा, मी पट्टी परत लावते. दोन्ही कबूल."

"गवंडी काकांनीच आणला होता," केतन हळूच म्हणाला, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं.

काका घोडीवरून उतरले. केतनच्या हातातला नारळ घेतला, क्षणभर तोलला, आणि तो सगुणाच्या हातात न देता घोडीच्या पायरीवर ठेवला. "घे म्हनावं."

सगुणा जागची हलली नाही. "घोडीवरचा नारळ घोडीचा, काका."

मग मागच्या दाराशी हालचाल झाली. आवडाबाई बायकांच्या मधून वाट काढत पुढे आली, घरभरणीला जिथं ती कधी आली नसती तिथंवर. नारळ उचलला, पदरानं पुसला आणि सगुणाच्या दोन्ही हातांत ठेवला.

"आवडा, तू?" काका म्हणाले.

"घर माझ्या पोराचं हाय, भावजी. कोपरे मी बघितलेत." आणि सगुणाकडे वळून, "ते मागच्या दाराचं पन बघ गो. आतापासूनच घासतंय."

मोरूनं कप खाली ठेवला आणि टाळी वाजवायला दोन्ही हात उचलले. उजवा छातीपर्यंतच आला, पण तेवढ्यात भागलं. काकांनी त्या दिवशी जेवण घेतलं नाही, असं काहीजण सांगतात. पंक्तीत वाढणाऱ्या बायका सांगतात, दोनदा भात मागून घेतला.

त्यानंतर गावातले काही नारळ सगुणाला मिळाले, काही अजूनही मोरूलाच मिळतात. मोरू ते घेत नाही, तिच्याकडे बोट दाखवतो. काही जण तेवढ्यावरून पनवेलला जातात. जाऊ देत.

आवडाबाईचं मागचं दार दर पावसाळ्यात फुगतं. ते रंधायला सगुणा जाते.